मोटारीत गाणे बसविणारा माणूस : पॉल गॅल्व्हिन

वार्षिकाच्या पानांवर दरवर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र येते. बहुधा ते देशभक्ताचे, संताचे किंवा शास्त्रज्ञाचे असते. यंदा आम्ही ज्यांची कथा सांगणार आहोत, ते पॉल व्हिन्सेंट गॅल्व्हिन यांपैकी कोणीच नव्हते. त्यांनी नवा सिद्धांत मांडला नाही की निसर्गाचे एखादे गूढ उकलले नाही. ते अमेरिकेतील एक कारखानदार होते. त्यांचा धंदा दोनदा बुडाला आणि तिसऱ्या खेपेस, सारे जग मंदीत होरपळत असताना, त्यांनी धावत्या मोटारीत रेडिओ बसवून दाखविला. आज आपल्या गावोगावी मोटारीच्या दाराचे अस्तर उघडून, आत लाऊडस्पीकर बसवून, गालिच्याखालून तारा ओढून देणारे कारागीर दिसतात. त्या कारागिरीची वाट ज्यांनी मळवली, त्यांत गॅल्व्हिन यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे.

इलिनॉय राज्यात शिकागोच्या वायव्येस हार्वर्ड नावाचे एक छोटे गाव आहे. प्रसिद्ध विद्यापीठाशी या गावाचा नावापलीकडे काही संबंध नाही. येथे १८९५ च्या जून महिन्यात पॉलचा जन्म झाला. गाव रेल्वेचे जंक्शन होते. आगगाड्या कोळसापाण्यासाठी थांबत आणि गावातील मुले फलाटावर धावत जाऊन उतारूंना मक्याच्या लाह्या विकत. पॉलही त्यांत होता. खप चांगला आहे असे दिसताच विकणाऱ्या पोरांची झुंबड उडाली, डब्यांत चढण्यासाठी धक्काबुक्की होऊ लागली, आणि अखेरीस रेल्वेच्या लोकांनी या पोरांना हुसकावून लावले. चांगला चाललेला धंदा गर्दीने कसा बसतो, हे त्या मुलाने मिसरूड फुटण्यापूर्वीच पाहिले. पुढे हाच अनुभव त्याच्या वाट्याला अनेकदा यावयाचा होता.

इलिनॉय विद्यापीठात दोन वर्षे काढून पॉलने शिक्षण सोडले. पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा अधिकारी म्हणून तो फ्रान्समध्ये होता. तेथून परतल्यावर त्याने विजेच्या बॅटऱ्यांच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि तेथेच धंद्याची गोडी लागली.

१९२१ साली एडवर्ड स्ट्युअर्ट या आपल्या गाववाल्या मित्राच्या भागीदारीत गॅल्व्हिन यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफील्ड येथे बॅटऱ्यांचा कारखाना काढला. तो दोनच वर्षे चालला. कराची थकबाकी साचली आणि १९२३ साली सरकारी अधिकाऱ्यांनी कारखान्यास टाळे ठोकले. असे सांगतात की, गॅल्व्हिन दुपारी जेवावयास बाहेर गेले होते. परत येऊन पाहतात तो दाराला कुलूप, आणि अंगावरचा ओव्हरकोट आत अडकलेला! घरी पत्नी लिलियन आणि जेमतेम वर्षाचा मुलगा रॉबर्ट. शिकागोस परतून त्यांनी एमिल ब्रॅक या मिठाईच्या कारखानदाराकडे खासगी चिटणिसाची नोकरी पत्करली. पण दुसऱ्याच्या पेढीवर त्यांचे मन रमेना. १९२६ साली स्ट्युअर्ट यांच्यासह पुन्हा बॅटऱ्यांचा डाव मांडला. १९२८ साली तोही मोडला.

दोनदा हात पोळलेला माणूस तिसऱ्यांदा निखाऱ्याजवळ जात नाही. गॅल्व्हिन मात्र स्वतःच्याच बुडालेल्या कंपनीच्या लिलावास गेले. तेथे त्यांनी फक्त एका वस्तूवर बोली लावली. ही वस्तू म्हणजे ‘बॅटरी एलिमिनेटर’ बनविण्याची सामग्री. त्या काळचे घरगुती रेडिओ बॅटरीवर चालत, आणि बॅटऱ्या महाग असून सदैव संपत. घरातील विजेचा प्रवाह रेडिओला मानवेल असा करून देणारी ही पेटी असली, की बॅटरीची गरज उरत नसे. ७५० डॉलरांना ती सामग्री विकत घेऊन २५ सप्टेंबर १९२८ रोजी पॉल व जोसेफ या गॅल्व्हिन बंधूंनी शिकागोत नवी कंपनी स्थापन केली. कामगार पाच, रोख शिल्लक ५६५ डॉलर.

हे भांडवल पुरे पडण्याआधीच काळ पालटला. थेट घरातील विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले आणि एलिमिनेटरची मागणी ओसरू लागली. तेव्हा गॅल्व्हिन यांनी इतर व्यापाऱ्यांच्या नावाने विकले जाणारे रेडिओ बनवून देण्यास आरंभ केला. तोच ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मोठमोठ्या कारखान्यांच्या वखारी न खपलेल्या मालाने भरल्या होत्या. त्यांनी तो मातीमोल भावाने विकावयास काढला. छोट्या कारखान्याने त्यांच्याशी स्पर्धा करावी कशी? हार्वर्डच्या फलाटावरील तीच गर्दी पुन्हा समोर उभी राहिली होती. या गर्दीत टिकावयाचे तर जेथे गर्दी नाही असे ठिकाण शोधणे भाग होते.

ते ठिकाण त्यांना न्यूयॉर्कच्या बाजूला सापडले. तेथील काही रेडिओ-दुकानदार हौशी श्रीमंतांच्या मोटारींत रेडिओ बसवून देत. प्रत्येक मोटारीसाठी वेगळी जुळणी, वेगळे कापणे-जोडणे; खर्च २४० डॉलरांच्या घरात. फोर्डची साधी मोटार त्या काळी पाचशे डॉलरांच्या आसपास मिळे हे लक्षात घेतले, म्हणजे ही हौस किती महाग होती ते कळेल. मोटारीत रेडिओ ही कल्पना गॅल्व्हिन यांची नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. १९२२ च्या सुमारासच असे प्रयोग झाले होते. गॅल्व्हिन यांनी विचार केला तो वेगळाच. कोणत्याही सामान्य मोटारीत बसेल आणि सामान्य माणसाला परवडेल असा संच कारखान्यात तयार करता येईल काय?

बोलावयास हे सोपे होते, परंतु काम अत्यंत बिकट होते. ते का बिकट होते हे समजून घेतल्याशिवाय गॅल्व्हिन यांच्या धाडसाचे मोल कळणार नाही. म्हणून वाचकांनी येथे थोडा धीर धरावा.

पेट्रोलच्या एंजिनात प्रत्येक स्फोटासाठी स्पार्क प्लगमध्ये एक ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकले बिनतारी प्रक्षेपण केंद्रच होय. ठिणगी पडली की तिच्यातून विद्युत्-चुंबकीय लहरी उसळतात आणि जवळच्या रेडिओत त्यांचा कडकडाट ऐकू येतो. एंजिन मिनिटाला हजारो ठिणग्या पाडते. दूरच्या केंद्रावरून येणारी गाण्याची लहर अतिशय क्षीण, आणि हा गोंगाट तर हाताच्या अंतरावर! मेळ्याच्या गर्दीत नगाऱ्याशेजारी उभे राहून कोणी कानात कुजबुजले तर काय ऐकू येणार? त्यात भर म्हणजे बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोच्या ब्रशांचीही खरखर असे.

यावर उपाय एक नव्हता, अनेक होते, आणि सगळे मिळून करावे लागत. ठिणगीच्या तारांच्या वाटेत अवरोधक बसवावयाचे, म्हणजे लहरींचा जोर कमी होतो आणि एंजिनाचे मात्र फारसे बिघडत नाही. डायनॅमोला कंडेन्सर जोडून त्याची खरखर जमिनीत, म्हणजे मोटारीच्या लोखंडी सांगाड्यात, जिरवावयाची. रेडिओ स्वतः पत्र्याच्या बंद पेटीत ठेवावयाचा. एवढे करूनही एखादी तार चार बोटे इकडची तिकडे झाली की खरखर पुन्हा सुरू. शिवाय खड्ड्यांच्या रस्त्यावर बसणारे हादरे सोसतील असे व्हॉल्व्ह हवेत. एक सैल झाला तरी रेडिओ मुका!

दुसरी अडचण विजेची. मोटारीची बॅटरी बहुधा ६ व्होल्टांची, आणि व्हॉल्व्हना तर शंभराहून अधिक व्होल्टांचा दाब लागे. म्हणून आरंभी वेगळ्या बॅटऱ्या न्याव्या लागत आणि त्या ठेवण्यासाठी मोटारीच्या तळाची फळी कापून खाली पेटी टांगावी लागे. एरियलसाठी छताचे अस्तर फाडून आत तारेची जाळी अंथरावी लागे. त्या काळी मोटारीचे छत बहुधा लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचे असे, म्हणून हे जमले; सबंध पोलादी छत आल्यावर तोही मार्ग बंद झाला आणि एरियल बाहेर आले. डॅशबोर्डाखाली रेडिओची पेटी, लाऊडस्पीकर निराळा, आणि केंद्र बदलण्याची खुंटी चालकाच्या हाताशी. आपली नवी कोरी मोटार अशी उकललेली पाहून मालकाच्या पोटात गोळा येत असेल, तर नवल नाही. दोन माणसांना एकेका मोटारीचे काम पुरे करावयास काही दिवस लागत.

१९३० च्या जून महिन्यात अटलांटिक सिटी येथे रेडिओ-उत्पादकांचे अधिवेशन भरावयाचे होते. तोवर संच तयार झाला तर देशभरच्या व्यापाऱ्यांना दाखविता येईल, नाहीतर कंपनीचे दिवस भरलेच, हे गॅल्व्हिन यांना स्पष्ट दिसत होते. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे दोन तरुण कारागीर त्यांच्या मदतीस होते. गॅल्व्हिन यांची स्वतःची स्टुडबेकर मोटार हीच प्रयोगशाळा झाली. खरखर एका जागी दाबावी तर दुसऱ्या जागी डोके वर काढी. याच काळातील एक कथा कंपनीत पुढे वर्षानुवर्षे सांगत. कर्ज मिळावे म्हणून गॅल्व्हिन यांनी एका बँकेच्या अधिकाऱ्याच्या पॅकार्ड मोटारीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासाच्या आत त्या मोटारीने पेट घेतला! कर्ज अर्थातच मिळाले नाही. कथेत तिखटमीठ किती, हे आम्ही वाचकांवरच सोपवितो.

जूनमध्ये स्टुडबेकरमधील रेडिओ कसाबसा बोलू लागला. पत्नीला घेऊन गॅल्व्हिन शिकागोहून निघाले. सुमारे आठशे मैलांचा रस्ता, आणि वाटेत रेडिओ बंद पडला तर दाखवावयास दुसरे काही नाही. अधिवेशनात गाळा घेण्याइतके पैसेही गाठीस नव्हते. तेव्हा त्यांनी मोटार मंडपाजवळ रस्त्याच्या कडेला उभी केली, रेडिओचा आवाज मोठा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना गाठून बाहेर आणावयास प्रारंभ केला. मोटारीत गाणे वाजत आहे, हीच त्यांची जाहिरात. लोक थांबले, डोकावले, आत बसले. मागणी फार मोठी नव्हे, पण कंपनी जगेल एवढी आली.

या रेडिओला गॅल्व्हिन यांनी नाव दिले मोटोरोला. मोटार हा शब्द आणि त्याला त्या काळच्या वाजविण्याच्या यंत्रांच्या नावात हमखास आढळणारा ‘ओला’ हा प्रत्यय. किंमत ११० ते १३० डॉलर. तरीही १९३० चा हिशेब तोट्याचाच निघाला.

आमच्या मते गॅल्व्हिन यांचे खरे चातुर्य यापुढे दिसते. रेडिओ विकून भागत नव्हते, तो बसवावा लागे. आणि बसविणारा मिळाला नाही, की ग्राहक रेडिओला आणि कंपनीला नावे ठेवी. गॅरेजवाल्यास मोटार कळे पण रेडिओ कळत नसे. रेडिओवाल्यास रेडिओ कळे पण मोटारीखाली शिरण्याची सवय नसे. म्हणून बसविण्याच्या कामाची आकृत्यांसह सविस्तर पुस्तिका दिली जाई. १९३४ साली तर गॅल्व्हिन यांनी बी. एफ. गुडरिच या टायरच्या कंपनीशी करार केला. तिची दुकाने गावोगाव होती. टायर बदलण्यासाठी मोटार तेथे येतच असे, तेथेच आता रेडिओही विकला आणि बसविला जाऊ लागला. तोवर बसविण्याच्या खर्चासह किंमत ५५ डॉलरांपर्यंत उतरली होती. दरम्यान ६ व्होल्टांचा प्रवाह झपाट्याने तोडून-जोडून त्यावरून मोठा दाब निर्माण करणारे ‘व्हायब्रेटर’ नावाचे साधन प्रचारात आले आणि फळीखालच्या वेगळ्या बॅटऱ्या गेल्या. मोटार कापण्याची गरजही हळूहळू कमी झाली.

विरोध नव्हता असे नाही. रेडिओ ऐकत गाडी हाकणाऱ्याचे लक्ष उडेल, त्याला डुलकी लागेल, अपघात होतील, अशी ओरड झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुई शहरात अशा रेडिओंवर बंदी घालण्याचे प्रस्तावही पुढे आले. आज मोटार हाकताना फोन कानाला लावणारे पाहिले, म्हणजे ती भीती अगदीच पोकळ होती असे आम्हांस म्हणवत नाही.

मोटारीत खरखरीविना बोलणारा रेडिओ एकदा साधला, की त्याचे उपयोग आपोआप सुचतात. १९३६ साली कंपनीने पोलिसांच्या गाड्यांसाठी एकाच लहरीवर बसविलेला रेडिओ काढला. त्याच वर्षी गॅल्व्हिन युरोपात जाऊन आले आणि युद्ध अटळ आहे अशी त्यांची खात्री झाली. १९४० साली हातात धरून बोलता येईल असा ‘हॅंडी-टॉकी’ हा संच तयार झाला. वजन सुमारे ५ पौंड. डॅनियल नोबल या प्राध्यापकाला गॅल्व्हिन यांनी कंपनीत आणले. त्यांच्या देखरेखीखाली पाठीवर वाहून नेण्याचा, सुमारे ३५ पौंडांचा ‘वॉकी-टॉकी’ १९४३ साली सिद्ध झाला. युरोपच्या आणि पॅसिफिकच्या रणभूमीवर असंख्य सैनिकांचे प्राण या पेट्यांवर अवलंबून होते.

कारखाना भरभराटत असताना घरावर मात्र घाला पडला. ऑक्टोबर १९४२ मध्ये लिलियन यांची त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली. घरातील मोलकरीणही त्यात मारली गेली. अपराधी कधीच सापडला नाही. अटलांटिक सिटीच्या त्या प्रवासात शेजारी बसलेली सोबतीण अशा रीतीने गेली. १९४४ साली भाऊ जोसेफही वारला. या आघातांनंतरही गॅल्व्हिन कामावर येत राहिले, एवढेच आम्ही येथे नमूद करतो.

१९४७ साली कंपनीने आपल्या रेडिओचेच नाव धारण करून ती मोटोरोला कंपनी झाली. त्याच वर्षी नफ्यातील वाटा कामगारांना देण्याची योजना गॅल्व्हिन यांनी सुरू केली. सगळेच बेत सफल झाले असे नाही. मोटारीत ऊब आणणारी, पेट्रोलवर जळणारी शेगडी त्यांनी विकावयास काढली होती. तिने कंपनीला बराच खड्डा पाडला. पण १९४९ साली नोबल यांच्या सल्ल्याने फिनिक्स येथे जी प्रयोगशाळा काढली, तिचे फळ मोठे होते. १९५५ साली तेथील परिश्रमातून मोठी शक्ती पेलणारा ट्रान्झिस्टर बाजारात आला, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो मोटारीच्या रेडिओतच. व्हायब्रेटरची गुणगुण थांबली आणि बॅटरीवरचा भार हलका झाला. पुढल्याच वर्षी मुलगा रॉबर्ट यास कंपनीचे अध्यक्षपद देऊन गॅल्व्हिन संचालक मंडळाचे प्रमुख झाले. ५ नोव्हेंबर १९५९ रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते.

मोटारीतले गाणे त्यांच्या हयातीत बहुधा एकाच वाटेने येणारे राहिले. दोन वेगळ्या वाटांनी दोन कानांशी आवाज आणणाऱ्या स्टिरिओचे तत्त्व लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ सालीच पेटंटासाठी मांडले होते. परंतु मोटारीत ते आणणे पुन्हा बसविणाऱ्याचेच काम होते. घरात श्रोता दोन्ही लाऊडस्पीकरांच्या मध्ये बसू शकतो. मोटारीत चालक एका कडेला, एक लाऊडस्पीकर गुडघ्याशी आणि दुसरा पार पलीकडच्या दारात. म्हणून लाऊडस्पीकर कोठे आणि कोणत्या दिशेला ठेवावा, कोणाचा आवाज किती राखावा, हा हिशेब प्रत्येक गाडीसाठी निराळा मांडावा लागतो, आणि आजचा कारागीरही तोच मांडत असतो.

गॅल्व्हिन यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, फोर्ड कंपनीने आपल्या १९६६ च्या मोटारींत स्टिरिओ टेप वाजविणारे यंत्र देऊ केले. टेपची अखंड फिरणारी गुंडाळी असलेली आठ पट्ट्यांची पेटी त्यात घालावयाची. ही पेटी पुढे आणली होती विल्यम लिअर यांनी. स्टुडबेकरच्या डॅशबोर्डाखाली वाकून खरखर शोधणारा तो तरुण एव्हाना विमानांचा कारखानदार झाला होता. फोर्डसाठी ते यंत्र बनविले मोटोरोलाने. आणि तेव्हा मोटोरोलाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले होते, त्याच स्टुडबेकरमध्ये हात काळे केलेले एल्मर वेव्हरिंग.